फटका कुणाचा

मॉर्व्हनने हातमोजा काढला, पुन्हा घातला आणि पुन्हा काढला. पिवळ्या फुलांच्या काटेरी झुडपांत चौघं मिळून अमेरिकन जोडीचा चेंडू शोधत होते.

"अगं, वाक ना जरा," तिचा जोडीदार फर्गस म्हणाला. "उभ्यानं सापडायला तो काय दीपस्तंभ आहे?"

"काटे टोचतात."

"मग न सापडो म्हणून प्रार्थना कर. पण हळू. त्यांना ऐकू जाईल."

तिला हसू आलं नाही. कॉलेजांच्या या युरोप-अमेरिका गोल्फ सामन्यात पहिले दोन दिवस ती हरली होती. सकाळी लापशी खाताना प्रशिक्षक डनेट तिच्यासमोर येऊन बसले होते. "उद्या एकेरीत आठच जण खेळवता येतात आणि आपण आहोत दहा. आज गुण घेऊन ये, मग बोलू," एवढंच ते म्हणाले. मॉर्व्हनचं घर या मैदानापासून दोन मैलांवर होतं. पोरीला खेळताना बघायला म्हणून आईने वीस वर्षांत पहिल्यांदाच उद्या बेकरी बंद ठेवायचं ठरवलं होतं. दारावर तशी पाटीही लावून झाली होती.

"मिळाला," अमेरिकन जोडीतला कोल्बी ओरडला. चेंडू झुडपांच्या कडेला, गवतात होता. तिथून मारता आला असता.

अठरापैकी सतरावा होल, सामना बरोबरीत. या खेळात जोडीचा चेंडू एकच. एक फटका एकाने मारायचा, पुढचा दुसऱ्याने. टीवरून, म्हणजे सुरुवातीच्या जागेवरून, कोल्बीची जोडीदार डेलनीने मारलेला चेंडू झुडपांत गेला. सापडला नाही तर हाताशी असावा, म्हणून कोल्बीने दुसरा मारून ठेवला होता. आता पहिला सापडल्यावर दुसरा बाद झाला. पहिल्यावर डेलनीचा फटका होऊन गेला होता, म्हणजे आता मारायचं कोल्बीने. पाळी चुकली की तो होल गेलाच.

पण कोल्बी नुकताच मारून आला होता. त्याने सहज बाजूला होऊन डेलनीला जागा दिली.

डेलनीने काठी निवडली, गवतावरून दोनदा फिरवून पाहिली. मॉर्व्हनने तोंड उघडलं. थांब, एवढा एकच शब्द पुरला असता. फर्गसने तिच्याकडे पाहिलं, मग चेंडूकडे, मग समुद्राकडे.

वारा जोराचा होता. डेलनी त्याचा अंदाज घेत बराच वेळ उभी राहिली. खूपच वेळ.

चेंडू उडाला आणि खळग्याभोवतीच्या गुळगुळीत ग्रीनच्या मधोमध जाऊन थांबला. इतका सुंदर फटका त्या दिवशी कुणीच मारला नव्हता.

"हा फटका तुझा नव्हता," मॉर्व्हन म्हणाली. आवाज तिला स्वतःचा वाटला नाही. "कोल्बीचा होता."

पंचांना बोलावणं गेलं. ते मागच्या जोडीकडून गाडीने आले, सगळं ऐकून घेतलं आणि होल युरोपला दिला. अठरावा बरोबरीत सुटला. सामना एका होलने मॉर्व्हनचा.

"डोळे उघडे ठेवून खेळलीस," डनेट म्हणाले आणि उद्याच्या यादीत त्यांनी तिचं नाव लिहिलं. चौथं.

क्लबघरात सगळे चहाला जमले. मॉर्व्हन खुर्चीवर बसली, उठली, खिडकीपाशी गेली, परत आली. आईला कळवायला फोन काढला आणि तसाच खिशात ठेवला. फर्गस समोर बसून केव्हाच विरघळलेली साखर ढवळत होता.

डेलनी कप घेऊन तिच्याजवळ आली.

"एक विचारू? रागावू नकोस."

"विचार."

"तुझ्या लक्षात कधी आलं? मी मारायच्या आधी की नंतर?"

फर्गसचा चमचा थांबला.

"नंतर," मॉर्व्हन म्हणाली.

डेलनीने श्वास सोडला. "मी तेच सांगत होते. हा कोल्बी मघापासून डोकं खातोय, म्हणे तिला आधीच ठाऊक होतं. मी म्हटलं, ती तशी नाही रे. चांगली भांडले त्याच्याशी, सगळ्यांसमोर." तिने मॉर्व्हनच्या खांद्यावर थोपटलं. "चूक आमचीच होती. उद्या मजा येईल."

ती वळली आणि टेबलांमधून वाट काढत आपल्या लोकांकडे निघाली. "ऐकलंस का रे कोल्बी," ती लांबूनच म्हणत होती.

मॉर्व्हनने फर्गसकडे पाहिलं. त्याने मान खाली घातली.

"बस, मॉर्व्हन," तो हळूच म्हणाला. "चहा गार होतोय."

तिने हातातला कप टेबलावर ठेवला आणि डेलनीच्या मागे चालू लागली.