बंद खिडकीतलं ऊन

ताई पडली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. आता हे झालंच नाही असं धरून चालू.

तर ताई ठणठणीत आहे. इस्पितळाच्या तळघरात ती बावीस वर्षं एक्स-रे काढते. खोलीला खिडकी नाही, भिंतीत शिसं. उजाडायच्या आत खाली उतरते, दिवे लागल्यावर वर येते. वर मी आवक-जावक कारकून. घरात आम्ही दोघंच.

गेल्या वर्षी तिला जिने चढवेनात. मांड्या ठणकायच्या. हाडांचे डॉक्टर म्हणाले, "डी जीवनसत्त्व तळाला गेलंय. आठवड्याला एक गोळी, आणि दुपारचं ऊन घ्या."

"तळघरात राहून तळाला नाही तर काय गच्चीवर जाणार?" ताई म्हणाली.

ऊन मी शोधलं. दुसऱ्या मजल्यावर, जिन्याच्या वळणावर, बारा ते साडेबारा, भलीमोठी खिडकी. एसीसाठी कायमची बंद. मी काच पुसून घेतली, खुर्ची ठेवली. ताई बाह्या सरसावून डबा तिथेच खायची.

"ताईंना वाळत घातलं वाटतं!" शिपाई म्हणायचा.

महिन्याभरात ती म्हणाली, "आता गोळ्या कशाला रे? ऊन मिळतंय की."

"राहू दे मग," असं मी म्हटलं. दुसऱ्या कुणी नाही.

अकरा महिने गेले. मग एका दुपारी त्या खुर्चीतून उठताना... पण ते झालेलंच नाही.

फिल्म तिच्याच खोलीत निघाली. हाताखालची बाई रडायला लागली, तेव्हा ताईनं पडल्यापडल्या कोन सांगितला. "श्वास रोखा, हलू नका," असं स्वतःलाच बजावलं आणि खरंच हलली नाही.

डॉक्टरांनी फिल्म उजेडाला धरली. "ऊन घेत होता ना?"

"रोज. त्या खिडकीत."

"काच उघडून?"

"ती उघडतच नाही," मी म्हटलं.

"अहो, काचेतून ऊब येते. डी बनवणारे किरण काच अडवते."

ताई हसली. "कुठला किरण कशातून जातो, हेच तर बावीस वर्षं बघतेय मी." मग तिनं भिंतीकडे तोंड फिरवलं. ते अजून तिकडेच आहे. ऑपरेशन करून आत घातलेली सळई मऊ हाडात धरत नाही.

मी अर्ज लिहिला. आवक क्रमांकही मीच टाकला.

"मा. अधीक्षक यांस, दुसऱ्या मजल्यावरील खिडकी मागील अकरा महिने रोज दुपारी बारा ते साडेबारा उघडी होती असे समजण्यात यावे, व त्यानुसार अर्जदाराच्या बहिणीच्या हाडांत पूर्वलक्षी प्रभावाने दुरुस्ती करण्यात यावी, ही नम्र विनंती."