इंटरनेट नसलेलं मशीन

पक्षाघाताने बाबांची वाचा गेल्यापासून थोरल्या लेकीने एकच ध्यास घेतला होता: टाइप केलेलं बोलून दाखवणारा एक छोटा प्रोग्राम लिनक्स या मोफत संगणक-प्रणालीच्या अधिकृत भांडारात, म्हणजे तपासून घेतलेल्या प्रोग्रामांच्या साठ्यात, घालायचा. बाबांच्या उपचारकेंद्रात लिनक्सवर चालणारा संगणक होता, पण भांडाराबाहेरचं काही बसवायला तिथे सक्त मनाई. या वर्षीच्या आवृत्तीसाठी नवी पॅकेजेस, म्हणजे बसवायला तयार केलेले प्रोग्राम, घेणं आज संध्याकाळी थांबणार होतं. आज हुकलं, की वर्षभर बाबांनी मुकाट बसायचं.

तिच्या मशीनवर पॅकेज सुरळीत तयार झालं आणि भांडाराच्या मशीनवर तोंडावर आपटलं. तयार होताहोता आवाजाची एक लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, नेटवरून उतरवून घ्यायची त्या प्रोग्रामला खोड होती. भांडाराच्या मशीनला पॅकेज बांधताना इंटरनेट नसतंच. लागेल ते सगळं आधीच सोबत द्यायचं, हा तिथला दंडक. तिच्याकडे लायब्ररी कधीची उतरवलेली पडली होती, म्हणून गोम लक्षातच आली नव्हती. भले भले इथे फसतात.

तिने भांडारात पॅकेजच्या तपासणीचं काम बघणाऱ्या काकांना फोन लावला.

"काका, पाच मिनिटं नेट चालू करा ना. बाबांसाठी मागतेय."

"तुझे बाबा माझे मित्र आहेत गं. पण उद्या ती साइट बंद पडली, तर हे पॅकेज पुन्हा कोण बांधणार? तुझ्याकडची लायब्ररी जरा बाजूला ठेव आणि बांधून बघ."

तिने धुसफुसत तसं केलं. पॅकेज तिच्याही मशीनवर कोसळलं. साइट उद्या कसली, केव्हाच बंद पडली होती. काकांनी नेट दिलं असतं तरी हाती भोपळाच आला असता.

लायब्ररी इतरांना वाटायला तिच्या परवान्यात मुभा होती. तिने बाजूला ठेवलेली प्रत खरी असल्याचं पडताळलं, पॅकेजसोबत जोडली आणि पॅकेज पुन्हा पाठवलं. दिवस मावळायच्या आत मंजुरी आली. तिला काकांचा राग आल्याची लाज वाटली.

पुढच्या आठवड्यात केंद्रात बाबांनी डाव्या हाताच्या एका बोटाने टाइप केलं. ती कानात प्राण आणून थांबली.

"खुर्ची उन्हातून हलव," संगणक म्हणाला. "डोळ्यांवर येतं."

बाबांना आवडत असेल म्हणून रोज तीच त्यांना खिडकीपाशी बसवत होती. तिने खुर्ची हलवली आणि तिला रडू आवरेना.

बाबांचं बोट पुन्हा चाललं.

"तुला कसं कळणार होतं?"