ओठ हलवू नका

काम करतानाही माझ्या तोंडाचा पट्टा चालूच असतो. आमची कंपनी गोदामांच्या मालाची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर चालवते आणि त्यामागचा डेटाबेस माझ्या ताब्यात आहे. तो रुसला की मी स्क्रीनसमोर बसून स्वतःशीच बडबडते. "हे इथे अडकलंय, मग ते तिथे का दिसतंय? थांब, बघतेच तुला." बडबड थांबली की समजायचं, सापडलं. ऑफिसात मला सगळे रेडिओ म्हणतात.

मी डेटाबेसच्या सर्टिफिकेशनची परीक्षा देणार म्हटल्यावर साहेब हसले. "तुम्हाला कशाला हवंय ते? तुम्हाला तर सगळं येतंच."

हे "येतंच" ऐकलं की माझं डोकं फिरतं. साहेबांना काय कळणार मला येतं की नाही? त्यांना एवढंच दिसतं की सिस्टीम बंद पडली होती आणि आता चालू झाली. माझी पदवी वनस्पतिशास्त्राची. हे काम मी एका सहकाऱ्याच्या खांद्यावरून डोकावून शिकले, मग तो नोकरी सोडून गेला आणि खुर्ची माझ्याकडे आली. तेव्हापासून जे बिघडलं ते मीच दुरुस्त केलं. पण ते मला येतं म्हणून, की दर वेळी अंधारात मारलेला तीर लागला म्हणून? बढतीचा प्रश्न नव्हता. मला फक्त याचं उत्तर हवं होतं, आणि तेही माझं कौतुक करण्याची गरज नसलेल्या कुणाकडून तरी.

नवरा दातांचा डॉक्टर. दिवसभर आ वासून गप्प पडलेल्या माणसांत राहून घरी येतो, म्हणूनच त्याचं माझ्याशी जमत असावं. त्याने विचारलं, "आणि नापास झालीस तर?"

"तर इतकी वर्षं सगळ्यांना फसवत आले असं समजेन."

तो हसला नाही. "मग बस अभ्यासाला," म्हणाला आणि माझ्या वाट्याची भांडी घासायला लागला.

परीक्षा घरूनच, लॅपटॉपच्या कॅमेऱ्यासमोर द्यायची होती. सासूबाईंनी दाराची बेल बंद केली, खोलीबाहेर खुर्ची टाकली आणि पहाऱ्याला बसल्या. "चिटपाखरू आत सोडणार नाही, तू घाबरू नकोस." पलीकडे कुठेतरी एक परीक्षक बाई होती, तिचा नुसता आवाज यायचा. तिने मला टेबलाखालची जागा दाखवायला लावली, बाह्या वर करायला लावल्या, कानसुद्धा तपासले. मग प्रश्न सुरू झाले.

पहिले सोपे होते. एक लांबलचक आला आणि लगेच आवाज आला, "मॅडम, ओठ हलवू नका."

"अहो, मी नुसतं वाचतेय."

"नियम आहे. पुन्हा हलले तर परीक्षा थांबवावी लागेल."

"तोंडावर हात ठेवला तर?"

"तेही चालणार नाही."

मी आयुष्यात गप्प बसून एक ओळ सोडवलेली नव्हती. रेडिओ बंद केला तर आत काही शिल्लक तरी आहे का, हेच मला ठाऊक नव्हतं. मिठाची गुळणी धरल्यासारखे ओठ मिटले आणि पुढचा प्रश्न उघडला. रोजचा बॅकअप यशस्वी झाल्याचा संदेश येतो. तो वेळेला कामाला येईल याची खात्री कशी कराल? चारही पर्याय शहाण्यासारखे दिसत होते. मी वाट पाहत राहिले, पण आतून कुणी बोललं नाही. मग ते नुसतं दिसलं. तो बॅकअप दुसऱ्या मशीनवर उतरवायचा आणि उघडून बघायचा. दर महिन्याला मी हेच करते आणि टीममधले सगळे म्हणतात, एवढा काटेकोरपणा कशाला! आणि इथे चार पर्यायांत नेमकं तेच होतं.

त्यानंतर मी थांबले नाही. दोन प्रश्न अजिबात आले नाहीत, आणि येत नाहीत हेही मला स्वच्छ कळलं. त्याचंही बरं वाटलं.

शेवटचं बटण दाबलं. निकाल लगेच आला. परीक्षक बाई म्हणाली, "झालं, मॅडम. आता बोललात तरी चालेल."

मी दार उघडून बाहेर आले आणि सासूबाईंशेजारी जमिनीवरच बसले. नवरा दवाखाना उशिरा उघडायचं ठरवून थांबला होता. दोघं माझ्या तोंडाकडे बघत राहिले. माझ्या तोंडून शब्द फुटेना.

सासूबाईंनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "जाऊ दे गं. पुन्हा देता येते ना? त्या कॅमेऱ्यातच काहीतरी खोट असणार."

नवऱ्याचा चेहरा पडला. तो समोर उकिडवा बसला. "अगं, बोल तरी काहीतरी. माझे पेशंटसुद्धा इतके गप्प नसतात."

मला रडू येत होतं आणि हसूही.

"आई," मी म्हटलं, "मला येतं."