सगळ्यांच्या नंतरचं पाणी

प्रत्येक घरात एक तरी बाई अशी असते, जिला दुसऱ्याने धुतलेलं काही स्वच्छ वाटतच नाही. शुब्रा वस्तीतल्या एका इमारतीच्या चौथ्या मजल्यावरची अशी बाई म्हणजे इरीनीची सासू, विक्तोरिया. येशूच्या बाप्तिस्म्याचा सण, घितास, आला की आम्हा ख्रिस्ती लोकांकडे घरोघर अळकुड्यांचा रस्सा होतो. सासूने अळकुड्या स्वतः सोलल्या, धुतल्या, पाणी फेकलं, परत धुतल्या. इरीनीने हात पुढे केला तर म्हणाली, "तू राहू दे. तू धुतलंस की सगळ्यांचा घसा खाजतो."

इरीनीने हात मागे घेतला. गप्प बसणं हेच तिचं काम होतं. नवरा आतेफ तर आईपुढे भिजलेली मांजर.

सालींची पिशवी दाराशी ठेवली, ती नेमा घेऊन गेली. नेमा इमारतीचा कचरा उचलते. ती आली की इरीनी दार अर्धंच उघडायची आणि बाही नाकाला लावायची. का, असं कोणी विचारलं असतं तर तिला सांगताही आलं नसतं. सासू लावते म्हणून ती लावते, बस.

दुसऱ्या दिवशी इरीनीच्या बाळाचा, कारासचा, बाप्तिस्मा होता. सासू चर्चला निघाली ती छातीशी बाटली धरून. जेरुसलेमची यात्रा करून आलेल्या बाईला आमच्यात मुकद्दसा म्हणतात, आणि विक्तोरियाला नुसती नावाने हाक मारली तर ती ओ देत नाही. त्या यात्रेतून तिने, येशूचा बाप्तिस्मा झाला त्या यार्देन नदीचं पाणी आणलं होतं. बाटली कपाटात, कपाटाला कुलूप, किल्ली गळ्यात. हे पाणी फक्त नातवाच्या बाप्तिस्म्याच्या कुंडात पडणार, हे नातू पोटात यायच्या आधीच ठरलेलं.

बाप्तिस्म्याच्या खोलीत पाऊल टाकलं आणि सासू जागच्या जागी थांबली. कुंडाजवळ नेमा उभी होती. अंगात धुवून इस्त्री केलेला झगा, कडेवर तिचं बाळ, बिशारा. बाळाचे ओठ निळे पडलेले.

"ही इथे काय करतेय?" सासू कुजबुजली. पण तिची कुजबुज रस्त्यापर्यंत ऐकू जाते.

अबूना सराबामून, म्हणजे आमचे पाद्रीबाबा, यांनी समजावून सांगितलं. बिशाराच्या हृदयाला भोक आहे. इस्पितळात आजच खाट मिळालीय, दुपारच्या आत पोचलं नाही तर ती दुसऱ्याला देतील. पोर वाचेलच असं डॉक्टर म्हणत नाहीत. बाप्तिस्मा न करता त्याला सुरीखाली द्यायला आईचं काळीज होत नाही. म्हणून दोन्ही बाळांचं आज एकत्रच करू.

सासूने नाक फेंदारलं, पण प्रार्थना सुरू झाली होती. आमच्याकडे आधी बाळाच्या आईने पश्चिमेकडे तोंड करून, हात वर करून सैतानाला नाकारायचं असतं. इरीनी आणि नेमा शेजारी शेजारी उभ्या राहिल्या आणि एका दमात म्हणाल्या, "तुझी सगळी घाणेरडी कामं मी नाकारते." म्हणता म्हणता इरीनी हळूच एक पाऊल बाजूला सरकली. नेमाने ते पाहिलं. मग तीच आणखी एक पाऊल लांब झाली.

ते पाऊल इरीनीला काट्यासारखं लागलं.

कुंडात कोमट पाणी होतं. अबूनांनी त्यावर प्रार्थना म्हटली, तेल सोडलं आणि म्हणाले, "नेमा, कपडे काढ त्याचे. बिशारा आधी."

"थांबा अबूना." सासू कुंडाच्या आडवी आली. "आमचा आधी."

अबूना म्हणाले, पाणी आत्ता कोमट आहे. निवलं तर हे पोर तेवढा गारठासुद्धा सोसणार नाही. कारास धडधाकट आहे, त्याला चालेल.

"मग ह्याला बुडवा, पाणी सोडून द्या आणि आमच्यासाठी नवं भरा. त्यात मी हे यार्देनचं ओतते."

"एकाच प्रार्थनेचं पाणी आहे, बाई. एकाला पवित्र आणि दुसऱ्याला उष्टं, असं मला इथे उभं राहून म्हणता येणार नाही."

"तर मी हलणार नाही."

आतेफ भिंतीवरच्या चित्रांकडे बघत राहिला. पाणी निवत होतं. नेमाने उघड्या बाळाभोवती परत दुपटं गुंडाळलं. खाली मान घालून म्हणाली, "राहू द्या अबूना. आमच्यापायी भांडण नको. तसाच नेते त्याला." आणि ती दाराकडे वळली.

अबूनांनी तिला हाताने थांबवलं आणि सासूला विचारलं, "मुकद्दसा, ही बाटली कुठे भरलीत?"

"यार्देनमध्ये. माझ्या हाताने."

"तेव्हा नदीत तुम्ही एकट्याच होतात?"

"छे हो, बसच्या बस रिकाम्या होत होत्या. पाय ठेवायला जागा नाही. एक म्हातारा तर माझ्या शेजारीच पायाच्या जखमा..." सासू अडखळली.

"म्हणजे इतके दिवस म्हाताऱ्याच्या पायाचं पाणी कुलपात होतं."

आतेफला हसू फुटलं, ते त्याने खोकल्यात लपवलं.

अबूना हसले नाहीत. "घितासला आपण काय वाचतो? सगळ्या लोकांचा बाप्तिस्मा झाल्यावर येशूचाही झाला. सगळ्यांचा झाल्यावर! आधी कोण उतरलं होतं? जकातवाले, शिपाई, अंगावर पापं घेऊन आलेले. बाप्तिस्मा देणारा योहानसुद्धा गडबडला, म्हणाला, तुम्ही कशाला? ज्याला धुवायची गरजच नव्हती तो सगळ्यांच्या धुवणात उतरला. नदी बदलून मागितली नाही. आकाश उघडलं ते त्यानंतर. यार्देन पवित्र झाली ती तो लांब उभा राहिला म्हणून नाही, बाई. उतरला म्हणून."

"तो देव होता," सासू म्हणाली, पण आवाज आता कुजबुजीचाच होता. "आपण माणसं. आपल्याला घाण लागते. रोग लागतात."

इरीनीने नेमाकडे पाहिलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच नीट पाहिलं, मध्ये बाही न धरता. नेमाच्या अंगाला साबणाचा वास येत होता. नखं तर घासून घासून लाल झाली होती. मग रोज दाराशी यायचा तो वास कोणाचा होता?

"आई," इरीनी म्हणाली. "काल तिच्या गोणीत काय होतं सांगू? तुमच्या अळकुड्यांच्या साली. कारासची लंगोटं. घाण आपली आहे. ती नुसती उचलते."

"मला शिकवतेस?"

"नाही. पण बिशारा आधी जाईल. माझा मुलगा त्याच्यानंतर, त्याच पाण्यात. नाहीतर आम्हीही तसेच परत जातो."

ती दोन पावलं चालली, मघाशी दोघींनी वाढवलेली तीच दोन पावलं, आणि नेमाला खेटून उभी राहिली. दुपट्याची गाठ नेमाला सुटेना. ती गाठ इरीनीने सोडवली.

अबूनांनी बिशाराला हातात घेतलं. सासू अजून आडवीच.

"थांबा," ती म्हणाली. सासूने बाटलीचं बूच दातांनी उपटलं, सगळी बाटली कुंडात उपडी केली आणि बाजूला झाली. "आता बुडवा लवकर. पाणी निवतंय."

पहिल्या दोन बुडींना बिशाराने हूं की चूं केलं नाही. नेमाने इरीनीचं मनगट आवळून धरलं. तिसऱ्या बुडीला तो रडला. बारीकसं, मांजराच्या पिल्लासारखं, पण रडला. मग त्याच पाण्यात कारास गेला आणि त्याने अख्खं चर्च डोक्यावर घेतलं.

नेमा इस्पितळाकडे निघाली तेव्हा सासूने कारासची लोकरीची टोपी काढून बिशाराच्या डोक्यात घातली. "वारा आहे बाहेर," एवढंच म्हणाली. त्या दुपारी खाट मिळाली, आणि काही आठवड्यांनी बिशारा गुलाबी ओठ घेऊन घरी आला. इरीनीचं दार आता पूर्ण उघडतं.

तुम्हीही आठवून बघा, तुमच्या दारात कोणाला बघून तुमची बाही नाकाकडे जाते. ज्याने तुमची घाण उचलली, त्याच्यानंतर त्याच पाण्यात उतरायची तयारी नसेल तर यार्देन कपाटात ठेवून काही फायदा नाही. अळकुडीची खाज धुऊन शिजवली की जाते. माणसाच्या मनातली तशी जात नाही.