बिनतेलाचा जावई

"आपल्या घरात यापुढे तेल लागलं तर फक्त दाराच्या बिजागऱ्यांना," असं कौस्तुभनं एअर फ्रायर खोक्यातून काढता काढताच जाहीर केलं. त्याच संध्याकाळी त्यानं आत उडदाचा पापड ठेवला. आतल्या पंख्यानं तो उचलला, वरच्या तापलेल्या कॉइलला चिकटवला आणि पेटवला. नंतर अर्धा तास मी आणि कौस्तुभ, म्हणजे माझा नवरा, कोंडापूरच्या आमच्या फ्लॅटमधून टॉवेलनं धूर हाकलत होतो, आणि काय झालं म्हणून खालून वॉचमन तेलुगूत ओरडत होता, "एमैंदी मॅडम?"

"पापड हा अपवाद आहे," कौस्तुभ खोकत म्हणाला.

मग अपवादांची रांगच लागली. भज्यांचं पीठ जाळीतून गळून खाली गेलं आणि वर उरला नुसता कांदा. पोहे भाजायला ठेवले तर ते भाजले नाहीत, स्थलांतरित झाले. थालीपीठ अजून गॅलरीत तुळशीच्या कुंडीखाली आहे, फरशीला ओल लागत नाही. खोटं कशाला बोलू, भेंडी छान होते. वांग्याचे कापही होतात. पण आठवड्यातले पाच दिवस भेंडी खाल्ली की माणूस स्वतःच आतून बुळबुळीत होतो.

हे सगळं आमच्या चार भिंतींत राहिलं असतं. पण कौस्तुभ पुण्याचा. एखादी गोष्ट आपल्याला कळली की ती दुसऱ्याला सांगेपर्यंत त्याला अन्न पचत नाही. दिवाळीला त्यानं काचीगुड्याला माझ्या आईबाबांच्या घरी जाऊन त्यांना एअर फ्रायर भेट दिला.

माझे बाबा, नामदेवराव, बेगम बाजारात अडतीस वर्षं शेंगदाणा तेल आणि तुपाचे ठोक व्यापारी आहेत.

त्यांच्यासमोर बसून जावयानं चाळीस मिनिटं भाषण दिलं. "तळण म्हणजे हळूहळू आत्महत्या आहे, बाबा." बाबा हात जोडून ऐकत होते.

"हौ, जावईबापू," शेवटी ते म्हणाले. "आम्ही तुमच्या शब्दाबाहेर नाही."

हा आवाज मी ओळखते. दुकानात एखादं गिऱ्हाईक तुपात भेसळ आहे म्हणालं की बाबा याच आवाजात बोलतात. ते गिऱ्हाईक पुन्हा बाजारात दिसत नाही.

आणि यंदा अधिक महिना आला. तीन वर्षांनी एकदा येतो, त्यात जावयाला विष्णू मानून जेवायला बोलवायचं आणि तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं. लग्नानंतरचा आमचा हा पहिलाच. साखरपुड्याला कौस्तुभनं आईच्या हातचे, साजूक तुपात तळलेले अनारसे खाल्ले होते. अकरा. होकार त्यानं मला दिला की त्या डब्याला, याबद्दल मला अजून शंका आहे.

"तेहतीस ना? नक्की तेहतीस?" तो महिनाभर आधीपासून विचारत होता.

"पण तू तर तळलेलं खात नाहीस."

"ही धार्मिक बाब आहे, त्रिवेणी. आणि आता हुकलं तर थेट तीन वर्षांनी." मग जरा घुटमळून, "आई तुपातच तळणारेत ना? तू आईंना एक फोन कर ना. सहज."

"भाषण तू दिलंस. मागे पण तूच घे."

एक वाक्य होतं फक्त. पण त्याला ते जमेना. रविवारी काचीगुड्याला पोचेपर्यंत तो गाडीत तेच वाक्य पुटपुटत होता आणि घराच्या पायऱ्या चढताना त्यानं ते गिळलं.

पाट मांडला होता, भोवती रांगोळी होती. आईनं त्याचे पाय धुतले. आणि स्वयंपाकघरात, जिथे आईची लोखंडी कढई असते, तिथे एअर फ्रायर होता. हळदीकुंकू लावलेला. वर जास्वंदाचं फूल.

"आई, कढई... दिसत नाही?" कौस्तुभनं विचारलं.

"गच्चीवर टाकली ना," आई पदर सावरत म्हणाली. "तुम्ही त्या दिवशी असं समजावून सांगितलंत, की आम्हाला कढईकडे बघायचीच भीती वाटायली."

पानात पुऱ्या आल्या. फुगल्या नव्हत्या, वाळल्या होत्या. कुरडया आल्या, तशाच्या तशा, जणू आत्ताच गच्चीवरून उचलल्यात. कौस्तुभनं एक कुरडई चावली आणि बाहेरच्या खोलीतला टीव्ही काही वेळ ऐकू आला नाही.

"नाही म्हणजे," तो म्हणाला, "सणाच्या दिवशी थोडंसं तळलेलं चालतं, असं नवीन संशोधन आहे."

"नक्को!" बाबांनी दोन्ही कानांना हात लावले. "आमची परीक्षा बघायलात, जावईबापू. या महिन्यात तुम्ही विष्णू. विष्णूच्या जिवाशी मी खेळू का? कायकू पाप लावायलात म्हाताऱ्याला?"

आणि त्यांनी स्वतःच्या पानातली पुरी मोडली. मोडली म्हणजे खरंच मोडली, आवाज झाला. जन्मभर रोज तळलेलं खाणारा माणूस निव्वळ सूड म्हणून ती पुरी शांतपणे चावत होता. मला बापाचा जेवढा अभिमान वाटला, तेवढा दहावीच्या निकालाला त्यांना माझाही वाटला नसेल.

मग चांदीच्या ताटात दिवा लावून अनारसे आले. तेहतीस. काळपट तांबडे.

"तीन दिवस तांदूळ भिजवले, रोज पाणी बदललं, कुटले, गुळात मळून आठवडाभर मुरवलं," आई सांगत होती. "पहिल्या घाण्याला पंख्यानं सगळी खसखस उडवली. ह्यांच्या चष्म्यावर, देवांच्या डोक्यावर, कुठं कुठं सापडायली. मग गूळ वितळून खाली सांडला. पण म्हटलं, जावईबापूंचा शब्द."

कौस्तुभनं अनारसा एका बाजूनं चावला. मग दुसऱ्या बाजूनं. मग ताटाच्या कडेवर आपटून पाहिला.

"वरणात बुडवा," बाबा प्रेमानं म्हणाले. "हल्लू हल्लू मऊ पडतो."

उरलेले बत्तीस आईनं डब्यात भरून त्याच्या हातात दिले. तो हात धुवायला म्हणून उठला आणि परत येईना. मी बघायला गेले. देवघराच्या बाजूला अडगळीची खोली आहे, तिथून साजूक तुपाचा वास येत होता. आत कौस्तुभ उकिडवा बसला होता. पुढ्यात स्टीलचा मोठा डबा, मिशीवर खसखस, दोन्ही गाल भरलेले. डब्याच्या झाकणावर आईच्या अक्षरात चिठ्ठी होती: देवळातले गुरुजी, ३३.

म्हणजे कढई गच्चीवर टाकली होती, पण आधी चांगली वापरून.

"गुरुजींना तुपातले?" तो दुखावून म्हणाला. "आणि मला?"

"गुरुजींनी कुठं तेलाविरुद्ध भाषण दिलं होतं?"

तो विचार करत चावत राहिला. नऊ झाले होते. समोर होताच, मग मीही एक घेतला. काय जाळी पडली होती! "यात तेहतीसच लागतात ना?" त्यानं विचारलं. मी हो म्हटलं. तेव्हा कुठे त्याच्यातला इंजिनीअर जागा झाला. त्यानं स्वतःच्या डब्यातले दहा काढले, गुरुजींच्या डब्यात तळाशी रचले, वर तुपातले तेवीस ठेवले, झाकण लावलं आणि हात शर्टाला पुसला.

"वजन जरा वाढलंय," तो म्हणाला. "पण आकडा बरोबर आहे."

निघताना बाबा दारात उभे होते. "कसे झाले अनारसे, जावईबापू?"

"अप्रतिम, बाबा. अजिबात तेलकट नाहीत."

बाबांनी त्याच्या शर्टाच्या खिशाकडे पाहिलं. तिथे तळहाताएवढा तुपाचा डाग होता.

"हौ," बाबा म्हणाले. "दिसायलंय."

सोमवारपर्यंत गुरुजींनी वरचे तेवीस अनारसे संपवले. मंगळवारी सकाळी चोविसावा खाताना त्यांची खालची डावी दाढ अर्धी तुटली.