तळ्यातल्या खांबाची तक्रार

मी एक जुना खांब आहे. तळ्याच्या काठापासून वीस पावलांवर, पाण्यात, गेली बत्तीस वर्षं उभा. मित्रांनो, खांबाला राग येतो हे तुम्हाला खरं वाटणार नाही. पण यंदा माझ्या बाबतीत जे झालं ते ऐका आणि मग तुम्हीच सांगा, मी चिडू नको तर काय करू?

मला घडवलं ते इथल्या सुताराने. सरळ सागाचं लाकूड निवडलं, रंधा मारला, बुडाला डांबर फासलं. पाणी ओसरून तळ उघडा पडला होता तेव्हा मला रोवलं. मग मोजपट्टी खिशात ठेवली आणि आपल्या सहा वर्षांच्या लेकीला हाक मारली, "ये गं, खांबाला पाठ टेक. ताठ उभी राहा." तिच्या गुडघ्याशी त्याने पांढरा पट्टा मारला, कमरेशी पिवळा आणि खांद्याशी लाल.

झालं! माझे पट्टे वाचायला कुणाला शाळेत जावं लागत नाही. पाणी पांढऱ्यावर असेल तर खुशाल खेळा. पिवळ्यावर असेल तर काठावर मोठं माणूस हवं. लाल पट्टा भिजला की पाण्यात पाऊल टाकायचं नाही. आणि माझ्यापुढे तर कधीच जायचं नाही, कारण तिथून आठ-नऊ पावलांवर तळ एकदम खाली जातो. होड्या जाण्यासाठी खणलेली खोल वाट आहे ती.

तळ्यात गाळ साचतो, तळ वरखाली होतो. म्हणून दर वर्षी पाणी ओसरलं की वस्तीतलं सहा वर्षांचं एक मूल मला पाठ टेकून उभं राहतं आणि पट्टे नव्याने मारले जातात. यंदा पाळी होती इस्त्रीवालीच्या लेकीची. तिला सगळे पिटुकली म्हणतात आणि ते तिला मुळीच आवडत नाही. त्यामुळे ती हळूच चवड्यांवर उभी राहिली. हातात ब्रश घेतलेल्या नावाडीकाकांनी ते बरोबर पाहिलं.

"टाचा खाली!"

"मी एवढीच आहे, काका."

"अगं, तू इथे उंच झालीस तर बाकीची पोरं बुडतील ना!"

तिने टाचा टेकल्या. त्या दिवसापासून ती येताजाता माझ्याकडे अशी बघायची, जणू मी तिचाच धाकटा भाऊ.

इथून तासाभरावर एक मोठं शहर आहे. तिथे जगभरातून माणसं येतात, गर्दीत एकमेकांचे पाय तुडवतात आणि दमली की शांतता शोधायला आमच्याकडे येतात. या की! तळं कुणाच्या बापाचं नाही. पण शांतता हवी म्हणून येणारे सोबत केवढाले कर्णे आणतात! इथले बगळे पलीकडच्या काठाला राहायला गेले. तेही मी सोसलं.

मग काठावर लॉज उभं राहिलं. त्याचे व्यवस्थापक बोटांची चौकट करून त्यातूनच सगळं बघायचे, म्हणून वस्तीने त्यांचं नाव ठेवलं फोटोसाहेब. इस्त्रीवाली त्याच लॉजच्या चादरी धुते आणि काठावर दोऱ्यांवर वाळत घालते. एके दिवशी त्या चौकटीत मी सापडलो.

"वा! काय रंग आहेत!" फोटोसाहेब म्हणाले. "पण जागा चुकली. दहा पावलं पुढे असता तर सूर्य बरोब्बर याच्या मागे मावळला असता."

मित्रांनो, जागा चुकली म्हणे! बत्तीस वर्षं ज्या जागेवर उभं राहून मी पोरं सांभाळली, ती जागा चुकली!

नावाडीकाका नाव दुरुस्त करायला पलीकडे गेले होते. इस्त्रीवाली सकाळपासून लॉजच्या मागच्या खोलीत इस्त्री करत होती. तेवढ्या वेळात दोन माणसांनी मला उपटलं, पट्ट्यांवर चकचकीत रंग चढवला आणि दहा पावलं पुढे, थेट त्या खोल वाटेत नेलं. तिथे माझे पट्टे पाण्याखाली गेले. मग फोटोत रंग कसे दिसणार? म्हणून त्यांनी मला सिमेंट भरलेल्या पिंपात रोवलं आणि पिंप तळाशी ठेवलं. पाणी आता पिवळ्या पट्ट्याला लागलं. मोठ्या माणसाच्या गळ्याइतकं पाणी आणि मी सांगत होतो, कमरेइतकंच आहे! मला वाचा असती तर मी किंचाळलो असतो.

दुपारी पिटुकली शाळेतून आली. दप्तर टाकलं, माझ्याकडे पाहिलं.

"आई, आज पिवळं! तू आहेस ना इथे?"

"आहे गं. खांबापर्यंतच हं!" चादर पिळता पिळता इस्त्रीवाली म्हणाली. तिची पाठ तळ्याकडे होती. पिवळ्या पट्ट्याचा नियम दोघींनी अगदी पुरता पाळला होता.

खांब जरा लांब वाटला असेल तिला. पण सहा वर्षांचं पोर खांबावर संशय घेतं का? ती आली. कमरेइतक्या पाण्यातून हसत आली आणि पुढच्या पावलाला तळच नव्हता.

तिने मला धरलं. आणि मित्रांनो, माझा तो चकचकीत रंग अजून ओला होता. तिचे हात सटकन घसरले. माझ्यालेखी याहून मोठी शरमेची गोष्ट नाही.

"आई!"

इस्त्रीवाली हातातल्या ओल्या चादरीसकट धावली. तळ संपतो तिथे पाय रोवून तिने चादर फेकली. एकदा हुकली. दुसऱ्यांदा चादरीचं टोक पिटुकलीच्या मुठीत आलं आणि आईने तिला ओढून छातीशी घेतलं.

काठावर माणसं जमली. फोटोसाहेबही धावत आले. "मुलांवर लक्ष नको का ठेवायला, बाई?"

इस्त्रीवालीने लेकीच्या मुठी उघडून त्यांच्यापुढे धरल्या. दोन्ही तळवे पिवळेजर्द.

"लक्ष? माझी पोर नियमानेच गेली, साहेब. नियमच तुम्ही उचलून पुढे नेलात!"

"अहो, मला वाटलं, खांब शोभेचा आहे..."

"मग विचारायचं होतं! इथल्या कुठल्याही शेंबड्या पोराने सांगितलं असतं."

तेवढ्यात पिटुकली बोलली. खोकत, थरथरत, आईच्या कानाशी, पण मला ऐकू गेलं.

"आई, खांब खोटं बोलला."

पिंपात सिमेंटने जखडलेला मी काय उत्तर देणार? मी खोटं बोललो नव्हतो. मला खोटं बोलायला लावलं होतं. पण बुडणाऱ्या पोराला त्यात काय फरक?

दुसऱ्या दिवशी नावाडीकाकांनी दोरखंड लावून मला ओढून काढलं. पिंप फोडायला छिन्नी-हातोडा घेऊन फोटोसाहेब स्वतः बसले होते, मान खाली घालून. मी माझ्या जागी परत आलो. पुढे पाणी उतरल्यावर पट्टे नव्याने मारायला पिटुकलीला पुन्हा बोलावलं. या वेळी तिच्या टाचा जमिनीला घट्ट टेकलेल्या होत्या आणि आईचा हात तिने सोडला नाही.

मित्रांनो, तुम्ही तळ्यावर या, समुद्रावर जा, हवे तेवढे फोटो काढा. पण पाण्यात एखादा खांब, काठावर रचलेले दगड, झाडाला बांधलेली चिंधी दिसली, तर हात लावण्याआधी तिथल्या कुणालाही एवढंच विचारा, "हे कशासाठी आहे?" तुमचं काय जातं?

माझा रंग वाळला, पट्टे बरोबर आहेत. पिटुकली रोज येते. माझ्याकडे बघते, रंग मोठ्याने सांगते. आणि मग काठी घेऊन, पावलापावलाला तळावर ठोकून बघत पाण्यात उतरते.

शहाणी पोर आहे. पण त्या काठीचा प्रत्येक ठोका मला लागतो.