राणी दोन पावलं पुढे

सातासमुद्रापलीकडच्या एका टीचभर राज्याचा युवराज लग्नाला महिना होतो न होतो तोच नव्या बायकोला घेऊन शेजारच्या देशाच्या सरकारी भेटीवर गेला. विमानातून उतरला, लाल गालिच्यावरून चालू लागला, आणि चालता चालता त्याची बायको त्याच्या दोन पावलं पुढे गेली. झालं ते एवढंच. पण एवढ्यावरून जो धुरळा उडाला तो उडत उडत थेट अकोला जिल्ह्यातल्या तेल्हाऱ्यापर्यंत आला. तिकडच्या पेपरांनी म्हणे पानंच्या पानं लिहिली. कुणी तिला उर्मट म्हटलं, कुणी बहाद्दर म्हटलं, कुणी तिच्या आईबापांचे संस्कार काढले. तो देश नकाशावर ज्यांना दोन जन्मांत सापडला नसता, तेही पानटपरीवर उभे राहून सांगू लागले, की पोरगी दिसायला चांगली आहे, पण घर बुडवणार.

खरं तर तेल्हाऱ्याला या राणीचा एवढा लळा लागला तो बातम्यांमुळे नाही, एका व्हिडिओमुळे. कुणीतरी त्या गालिच्यावरच्या चालण्याला वऱ्हाडी आवाज लावले होते. पाऊण मिनिटाचा कारभार. युवराज ओठ न हलवता पुटपुटतो, "मांगं चाल. आमच्या घराण्यात बाईचा तं सोड, भांड्याचाबी आवाज येत नाही." आणि ती गोरी पोरगी लोकांकडे बघून हात हलवत म्हणते, "मले रस्ता दिसून राह्यला. तुले दिसत नसन तं तूच ये मांगं."

खुशालराव ओसरीवर बसून हा व्हिडिओ दिवसातून दहादा लावत. शेजारचे नत्थुजी चहाच्या वेळेला हटकून येत आणि दोघं डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत. आत गॅसपाशी उभी असलेली रागिणी प्रत्येक वेळी दाराआड सरके. कारण त्या राणीचा आवाज तिचा होता.

रागिणी खुशालरावांची धाकटी सून. अचलपूरची. लग्नाला चार महिने झाले होते. नवरा किशोर अकोल्याच्या एका कृषी केंद्रात कामाला, शनिवारी येई, सोमवारी पहाटे जाई. आणि या चार महिन्यांत त्या घरात तिचा पूर्ण आवाज कुणी ऐकलाच नव्हता. नव्या सुनेनं हळू बोलायचं असतं, तशी ती बोलत होती, आणि आज तेच हळू बोलणं तिच्या कामी येत होतं. हा व्हिडिओ निघाल्यापासून तर तिनं घसा बसल्याचं सोंग घेतलं होतं. सासूबाई, लीलाबाई, सकाळ-संध्याकाळ तिला मीठ टाकून कोमट पाणी देत होत्या. ते पाणी घशाखाली उतरवताना तिला त्यांच्याकडे बघवत नसे.

सासऱ्यांची भीती होतीच. या घरातली मोठी सून पौर्णिमा दीड वर्षापासून अकोल्याला माहेरी होती. तिचा गुन्हा काय, तर पिठाच्या गिरणीवर घरातली कुठलीशी कुरबुर बोलून आली. खुशालराव ना ओरडले, ना हात उगारला. फक्त म्हणाले, "बॅग भर." त्यानंतर तिला आणायला कुणी गेलं नाही. तिचा नवरा शेखर घराला लागूनच असलेल्या दुकानात बसतो आणि तिचं नाव निघालं की मोबाईलमध्ये डोकं घालतो. गिरणीवर चार बायांनी ऐकलं तर दीड वर्ष. इथं लाखांनी ऐकलेलं. हिशेब तिच्याच्यानं होईना.

पण त्याहून मोठी भीती लीलाबाईंची होती, आणि ती कुणाला सांगण्यासारखी नव्हती.

लग्नानंतरच्या पहिल्याच महिन्यात एका दुपारी दोघी गहू निवडत बसल्या होत्या. आदल्या दिवशी रागिणी बाजारात किशोरच्या पुढे चालली म्हणून सासऱ्यांकडून तिला दोन शब्द ऐकावे लागले होते. लीलाबाई खडे वेचता वेचता सांगू लागल्या. त्यांचं नवीन लग्न झालं तेव्हा जोडीनं अमरावतीला अंबादेवीच्या दर्शनाला गेले. एकोणीस वर्षांची पोर, एवढं मोठं शहर कधी पाहिलेलं नाही. हरखली आणि दोन पावलं पुढे गेली. खुशालराव म्हणाले, मागं चाल, आमच्या घराण्यात बाईचा तर सोड, भांड्याचाही आवाज येत नाही. ती हसून म्हणाली, मले रस्ता दिसून राह्यला. एवढंच. खुशालराव वळले आणि गर्दीत निघून गेले. ओटीचा नारळ हातात धरून ती देवळाबाहेर बसून राहिली, सकाळपासून दिवेलागणीपर्यंत. ना कुणी ओळखीचं, ना जवळ काही. ते परत आले तेव्हा एकच शब्द बोलले, "समजलं?"

"मंग समजलं मले," लीलाबाई म्हणाल्या आणि हसल्या. "बत्तीस वर्सं झाली. कोनाले सांगतलं नाही. तुले सांगून राह्यली."

ही गोष्ट रागिणीनं पोटात ठेवायची होती. ठेवलीही होती. पण मध्ये चार दिवस ती अचलपूरला गेली. तिथं मामेभाऊ शुभम असले गमतीचे व्हिडिओ करतो. लग्नाआधी त्यातल्या सगळ्या बायांचे आवाज रागिणीच काढायची. त्यानं राणीचा व्हिडिओ समोर धरला आणि विचारलं, ही पोरगी त्याले काय म्हणत असन? आवाज घुमू नये म्हणून रचलेल्या गाद्यांच्या ढिगामागं बसून रागिणीनं माईकसमोर तोंड उघडलं आणि चार महिन्यांचा दाबलेला आवाज भसकन बाहेर आला. युवराजाचं वाक्यही तिनंच शुभमला सांगितलं. दोघं पोट धरधरून हसले. चोरी केली, हे तिला परतीच्या एसटीत कळलं.

किशोरनं अकोल्याहून एक मेसेज टाकला होता: हा आवाज तुझा आहे का? तिनं उत्तर दिलं नाही. शनिवारी घरी आला तेव्हाही त्यानं पुन्हा विचारलं नाही. नवरा समजून घेतोय की वाऱ्यावर सोडतोय, हे कळायला मार्ग नव्हता.

आणि खुशालराव मात्र हसत होते. आपलंच वाक्य ऐकून हसत होते! मारणारा विसरतो, वळ ज्याच्या अंगावर उठतो त्याच्या ध्यानात राहतो, ते हे असं. रागिणीला वाटू लागलं, की निभावलं. त्यांना आठवत नाही आणि सासूबाईंनी मोबाईलकडे कधी ढुंकून पाहिलं नाही. आणखी चार दिवस, मग लोकांना दुसरं काही मिळेल.

आठव्या दिवशी चहाची बशी खाली ठेवत नत्थुजी सहज बोलून गेले, "खुशालराव, हे भांड्याच्या आवाजाचं तं तुमचंच बोलनं हाय. शेखरच्या सोयरिकीत तुमी असंच म्हनले व्हते."

खुशालराव हसले. मग थांबले. त्यांनी व्हिडिओ पुन्हा लावला. या वेळी ते राणीचं वाक्य ऐकत होते. रागिणीनं दाराच्या फटीतून पाहिलं. चेहऱ्यावरचं हसू एकेका रेघेनं उतरत गेलं आणि त्या जागी जे आलं ते पाहून ती फटीपासून मागे सरली. बत्तीस वर्षांपूर्वीची सकाळ त्यांना आठवली होती. ती दोनच माणसांना माहीत होती.

"लीला," त्यांनी हाक मारली. आवाज चढवला नाही.

लीलाबाई पदराला हात पुसत ओसरीवर गेल्या.

"कोनाले सांगतलं?"

लीलाबाईंनी नत्थुजींची रिकामी बशी उचलली.

"जग हसून राह्यलं माह्यावर. म्याबी हसून राह्यलो आठ दिवसांपासून, येड्यावानी. कोनाले सांगतलं तू?"

लीलाबाईंनी नाव घेतलं नाही. नत्थुजी चपला शोधू लागले.

"बॅग भर," खुशालराव म्हणाले. "भावाकडं जाय."

एक्कावन्न वर्षांची ती बाई निमूट आत आली. कपाटावरची कापडी पिशवी काढली, दोन लुगडी घातली, रक्तदाबाच्या गोळ्यांची पट्टी घातली. रागिणी भिंतीला टेकून उभी होती. तिच्याजवळून जाताना लीलाबाई इतकंच म्हणाल्या, "दूध उतू जाईन. गॅस बंद कर."

ना जाब, ना राग. म्हणजे त्यांना सगळं ठाऊक होतं. आठ दिवस मीठपाणी देताना ठाऊक होतं.

आणि लाज वाटावी अशी गोष्ट म्हणजे, रागिणीला क्षणभर सुटल्यासारखं वाटलं. गप्प राहिलं की झालं. तिचं नाव कुणी घेतलं नव्हतं, कुणी घेणारही नव्हतं. अचलपूरला बाप आहे, धाकटी बहीण आकांक्षा लग्नाची आहे; परत आलेल्या बहिणीमागं तिला कोण पाहायला येईल? तिनं गॅस बंद केला.  मग ती पदर सावरून ओसरीवर गेली. भीती कमी झाली म्हणून नाही. त्या पिशवीत गोळ्यांची पट्टी जाताना तिनं पाहिली होती म्हणून.

"मामाजी," ती सासऱ्यांना म्हणाली. पूर्ण आवाजात. "मले रस्ता दिसून राह्यला. थो आवाज माहा हाय. आईनं मलेच सांगतलं व्हतं, म्या जगाले सांगतलं."

नत्थुजींच्या हातातली चप्पल खाली पडली. खुशालराव तिच्याकडे बघत राहिले. असा आवाज आपल्याच घरात चार महिने राहत होता, हे जणू त्यांना पटत नव्हतं. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते खुर्चीत मागे टेकले आणि रस्त्याकडे बघत म्हणाले, "मंग दोघीबी जा."

दुकानाच्या दारात शेखर उभा होता. त्यानं मोबाईलमध्ये डोकं घातलं.

अकोल्याच्या एसटीत दोघी शेजारी बसल्या. रागिणीला रडू येत होतं आणि माफी कशी मागायची ते कळत नव्हतं. तिनं विचारलं, तुमच्या भावाकडे जायचं का, की किशोरला फोन करू? लीलाबाईंनी खिडकीबाहेरची नजर काढली नाही. "किशोर त्याच्या बापाचाच लेक हाय. पुढचं पुढं पाहू. आंधी पौर्णिमाकडं जाऊ," त्या म्हणाल्या. "दीड वर्स झालं. म्याबी तिच्यासाठी तोंड उघडलं नाही."  अकोला येईपर्यंत रागिणीचा हात त्यांनी आपल्या हातात धरून ठेवला होता.

स्टँडवर उतरल्यावर लीलाबाई पिशवी घेऊन जागीच थांबल्या. गर्दी अंगावरून जात होती. रागिणीनं विचारलं, पौर्णिमाताईंचं घर कुठं?

"जठारपेठेत, एवढंच मालूम हाय." त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. "चारदा आली व्हती इथं. पन ह्यायच्या मांगं मांगं. टाचाच पाह्यल्या म्या बत्तीस वर्सं. रस्ता पाह्यलाच नाही."

रागिणीलाही अकोला ठाऊक नव्हतं. तिनं समोरच्या रिक्षावाल्याला हळूच हाक मारली, ती त्याच्यापर्यंत गेलीच नाही. मग तिनं पूर्ण आवाजात विचारलं, "दादा, जठारपेठेत नेता का?"

रिक्षावाला गर्रकन वळला. हसला. "ताई, थ्या व्हिडिओतल्या राणीचा आवाज तुमचाच काय?"

आसपासची चार डोकी वळली.  रागिणीनं लीलाबाईंकडे पाहिलं.

लीलाबाईंनी रिक्षाची दांडी घट्ट धरली होती. "अर्धा तिचा हाय, अर्धा माहा," त्या म्हणाल्या, आणि रागिणीच्या आधी आत चढून बसल्या.